मध्यवस्तीतील मोकळे कोपरे

शहराच्या नकाशात उद्याने हिरव्या रंगाने दाखवितात आणि तलाव निळ्या रंगाने. या प्रकरणात ज्या जागांचा विचार करावयाचा आहे त्यांना मात्र नकाशात रंग नसतो आणि बहुधा नावही नसते. पाडलेल्या इमारतीमागे उरलेला एका घराएवढा भूखंड, दोन रस्ते तिरकस मिळतात तेथे पडलेला त्रिकोणी तुकडा, उड्डाणपुलाखालील अंधारी पट्टी, कोरड्या पडलेल्या पाणपोईभोवतीची चार हात फरसबंदी, एखाद्या कचेरीसमोरील रुंद पायऱ्या, अशा या जागा होत. सरकारी दप्तरात त्या कोणा ना कोणाच्या मालकीच्या असतात. व्यवहारात त्या सर्वांच्या, आणि म्हणून कोणाच्याच नसतात. तेथे प्रथम राडारोडा येऊन पडतो, मग एखादी मोडकी हातगाडी येते, मग उकिरडा होतो आणि शेवटी माणसे तो कोपरा टाळून पलीकडच्या बाजूने चालू लागतात.

मराठी भाषेला अशा जागा अपरिचित नाहीत. पार, ओटा, चावडी, तिठा, चव्हाटा हे सारे शब्द लोकांनी एकत्र येण्याच्या लहान जागांचे आहेत. यांपैकी चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ते ठिकाण. आज हा शब्द आपण जवळजवळ केवळ एकाच प्रसंगी उच्चारतो: कोणाची लाजिरवाणी गोष्ट उघडी पडली म्हणजे ती ‘चव्हाट्यावर आली’ असे म्हणतो. ज्या जागी सहज उभे राहून बोलावे ती जागा भाषेत बदनामीची जागा होऊन बसली आहे. शहररचनेवरील लेखनाचे भाषांतर करताना ‘सार्वजनिक अवकाश’ यासारखा जड शब्द योजावा लागतो तो काही अंशी यामुळेच.

मध्यवस्तीत मोठे उद्यान नव्याने निर्माण होणे दुरापास्त असते. जमिनीची किंमत इतकी चढलेली असते की एक एकर मोकळा ठेवण्याची कल्पनाही कोणी बोलून दाखवीत नाही. परंतु याच भागात दिवसा सर्वांत अधिक माणसे असतात. कारकून, दुकानातील विक्रेते, हमाल, न्यायालयात तारखेला आलेली खेड्यातील माणसे, दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहणारे नातेवाईक अशा या लोकांना हवी असते ती अर्ध्या तासापुरती बसण्याची जागा. दोन मैलांवरील भव्य उद्यान त्यांच्या काहीच उपयोगाचे नसते. म्हणून लहान जागेचा प्रश्न हा मोठ्या उद्यानाच्या प्रश्नाची छोटी आवृत्ती आहे असे समजू नये. तो मुळातच वेगळा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार न्यूयॉर्क शहरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १२८ व्या रस्त्यावरील ओसाड भूखंडांवर एका चर्चच्या पुढाकाराने १९६५ साली लहान बागा उघडण्यात आल्या. त्यापूर्वी, १९६३ साली, रॉबर्ट झायन या उद्यानरचनाकाराने दोन इमारतींच्या फटीत बसतील अशा बागांचे आराखडे एका प्रदर्शनात मांडले होते. इंग्रजीत अशा बागेला बंडीच्या खिशाची उपमा देतात. आपण तिला ‘खिसाबाग’ म्हणू. एवढ्याशा जागा सांभाळणे परवडणार नाही, हा उद्यान खात्यांचा नेहमीचा आक्षेप त्या वेळीही होता, आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. एका मोठ्या उद्यानाला पुरणारे माळी व रखवालदार शंभर ठिकाणी वाटावयाचे म्हणजे खर्च वाढतोच.

झायनच्या कल्पनेला मूर्त रूप आले ते मे १९६७ मध्ये. विल्यम पेली हे अमेरिकेतील एका मोठ्या नभोवाणी व दूरचित्रवाणी कंपनीचे प्रमुख होते. आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी मॅनहटनच्या ५३ व्या रस्त्यावर, पूर्वी जेथे एक प्रसिद्ध रात्रक्लब होता त्या जागी, ही बाग करविली. तिचे क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौरस फूट आहे. म्हणजे साधारण १०० फूट लांब आणि ४२ फूट रुंद. तीन बाजूंना उंच भिंती असून त्यांपैकी दोहोंवर वेल चढविले आहेत आणि मागील भिंतीवरून २० फूट उंचीचा पाण्याचा पडदा अखंड कोसळत असतो. खाली विरळ सावली देणारी झाडे आहेत. त्यांच्यामध्ये हलक्या, हलविता येणाऱ्या खुर्च्या व लहान मेजे मांडली आहेत. प्रवेशाशी खाण्यापिण्याची छोटी सोय आहे. बाग पदपथापासून थोड्या पायऱ्यांच्या उंचीवर आहे, परंतु रस्त्यावरून आत काय चालले आहे ते स्पष्ट दिसते. पाण्याच्या आवाजाने रस्त्यावरील मोटारींचा गोंगाट झाकला जातो, आणि शेजारच्या मेजावरील संभाषणही ऐकू येत नाही. गर्दीतही एकांत मिळतो तो या आवाजामुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पेली बागेची वर्णने वाचून अनेकांची समजूत होते की, धबधबा हेच तिचे मर्म आहे. तसे असते तर तो अनुकरण करण्याजोगा नमुना ठरला नसता. कारण असा खर्च करणारा दाता प्रत्येक गल्लीला कोठून मिळणार? मर्म इतरत्र आहे, आणि ते शोधून काढण्याचे श्रेय विल्यम एच. व्हाइट या लेखकाकडे जाते.

व्हाइट हे शहररचनेचे पदवीधर नव्हते. ‘फॉर्च्यून’ या नियतकालिकाचे ते संपादक होते, आणि मोठ्या कंपन्यांतील नोकरदारांच्या मनोवृत्तीवरील त्यांचे १९५६ सालचे पुस्तक गाजले होते. त्यांच्या अभ्यासाला निमित्त झाले ते एका नियमाचे. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली असे ठरविले की, जो मालक आपल्या इमारतीसमोर लोकांसाठी मोकळी जागा सोडील त्याला दर एक चौरस फूट जागेमागे दहा चौरस फूट जास्तीचे बांधकाम करता येईल. सौदा किफायतशीर होता. १९७३ पर्यंत या मार्गाने सुमारे ११ लाख चौरस फूट मोकळी जागा निर्माण झाली. नियम अक्षरशः पाळला गेला. परंतु बहुतेक पटांगणे ओस पडली. गुळगुळीत दगडी फरशी, एखादे झाड, बसू नये म्हणून कठड्यांवर ठोकलेले लोखंडी खिळे, आणि माणूस एकही नाही! शहराने जास्तीच्या मजल्यांच्या रूपाने किंमत मोजली आणि हाती आली ती केवळ पोकळी.

याचे कारण शोधण्यासाठी व्हाइट आणि त्यांचे तरुण सहकारी १९७१ च्या सुमारास कामास लागले. त्यांची पद्धत अत्यंत साधी होती. शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवर त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपणारे कॅमेरे बसविले. खाली पटांगणात सहकारी कागदावर जागेचा नकाशा घेऊन कोण कोठे बसले, एकटे की दुकटे, पुरुष की स्त्री, किती वेळ, याच्या खुणा करीत राहिले. आरंभी त्यांना वाटले की, ऊन हे कारण असावे. मग वाटले की जागेचा आकार, किंवा तिचे क्षेत्रफळ. नोंदी जुळविता या कल्पना एकामागून एक लंगड्या ठरल्या. अखेर जे निष्पन्न झाले ते ऐकून वाचकाला कदाचित हसू येईल: माणसे तेथेच बसतात जेथे बसावयास जागा असते.

परंतु हे विधान वाटते तितके बाळबोध नाही. बसण्याची जागा म्हणजे केवळ बाके नव्हेत. पायऱ्या, कठडे, झाडाभोवतीचे कट्टे, हौदाची कड, हे सारे एक ते तीन फूट उंचीचे व पुरेसे रुंद असले तर लोक त्यावर बसतात. आणि ते करण्यास वेगळा खर्च लागत नाही, केवळ आखणी करताना भान असावे लागते. पार्क ॲव्हेन्यूवरील सीग्राम इमारतीचे १९५८ सालचे पटांगण याचे उदाहरण आहे. ते बसण्यासाठी म्हणून आखलेले नव्हते. त्याच्या कडेला सलग पायऱ्या आणि कठडे होते, लोक तेथे बसू लागले आणि मालकांनी त्यांना हटकले नाही, एवढेच. हलत्या खुर्च्यांविषयीचे व्हाइट यांचे निरीक्षण तर मोठे मार्मिक आहे. खुर्ची अगदी योग्य जागी असली तरीही बसणारा ती आधी चार बोटे सरकवितो. त्या सरकविण्यात सोय काडीचीही नसते. जागा काही क्षणांपुरती आपली झाली, एवढे तो त्या कृतीतून स्वतःला आणि शेजाऱ्याला सांगत असतो. रोवून बसविलेल्या बाकाला हे समाधान देता येत नाही.

आणखी काही निरीक्षणे थोडक्यात नोंदविण्यासारखी आहेत. आपण गर्दी टाळतो असे लोक सांगतात, परंतु प्रत्यक्षात ते गर्दीकडे ओढले जातात. दोघे परिचित बोलण्यास थांबतात ते बाजूला न होता नेमके रहदारीच्या प्रवाहात. जेथे खाद्यपदार्थांच्या गाड्या असतात तेथे माणसे जमतात आणि त्यांना पाहून आणखी माणसे येतात. जागा आणि पदपथ यांमधील सीमा जितकी पुसट तितकी जागा अधिक वापरली जाते. आणि ज्या पटांगणात स्त्रियांचे प्रमाण अधिक ते पटांगण बहुधा चांगले चाललेले असते. कारण जागा निवडताना स्त्रिया अधिक चोखंदळ असतात. हे शेवटचे प्रमाण आपल्या शहरांतील कोणत्याही कोपऱ्याला लावून पाहावे. ते एखाद्या दाखल्याइतके स्पष्ट उत्तर देते.

या अभ्यासाचा परिणाम म्हणून १९७५ साली न्यूयॉर्कचा नियम बदलला. दर ३० चौरस फूट पटांगणामागे एक फूट लांबीची बैठक असलीच पाहिजे, असे त्यात घातले गेले. लहान शहरी जागांच्या सामाजिक जीवनावरील व्हाइट यांचे पुस्तक व त्याच नावाचा चित्रपट १९८० साली प्रसिद्ध झाला. तथापि नियम केला म्हणजे काम झाले असे नव्हे. २००० साली याच शहरातील ३२० इमारतींशी निगडित अशा ५०३ जागांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील ४१ टक्के जागा जवळजवळ निरुपयोगी असल्याचे आढळले. जुन्या नियमाखाली झालेली पटांगणे तशीच उभी होती, आणि कित्येक मालकांनी कुंपण घालून किंवा मेजे मांडून सार्वजनिक जागा आपल्याच व्यवसायाला जोडून घेतली होती.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. लहान जागा सुधारण्याचा विषय निघाला की कोणी तरी म्हणतोच की, बाके ठेवाल तर भिकारी आणि दारुडे येऊन झोपतील. मग बाके काढली जातात, कठड्यांवर खिळे बसतात, कुंपण येते, फाटकाला कुलूप लागते. व्हाइट यांचे म्हणणे असे की, नकोशा माणसांच्या भयाने जागा ओसाड केली की ती नेमकी त्यांच्याच हाती जाते. इतर लोक भरपूर आले तर त्या थोड्यांची अडचण होत नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयामागील ब्रायंट पार्क हे याचे प्रमाण म्हणून सांगतात. ही जागा लहान नाही, परंतु उदाहरण उपयोगी आहे. ती रस्त्यापेक्षा उंचावर, दाट कुंपणवेलींआड दडलेली होती, आणि १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीचा तो अड्डा झाला होता. १९८८ मध्ये ती बंद करून, झुडुपे हटवून, प्रवेशमार्ग वाढवून, शेकडो हलत्या खुर्च्या मांडून १९९२ साली पुन्हा उघडली तेव्हा तिचे रूप पालटले.

पालटले हे खरे, परंतु ते सांभाळण्याचे काम एका खासगी मंडळाकडे गेले, आणि अशा व्यवस्थेवर टीकाही झाली. जो पैसे उभे करतो तो कोणी यावे हेही ठरवू लागतो. या टीकेत मला तथ्य वाटते. ज्याला घर नाही त्याच्या दृष्टीने सार्वजनिक बाक हेच घराच्या सर्वांत जवळचे असते. त्याला तेथून उठविणे ही सुधारणा नव्हे, स्थलांतर आहे. त्याच्या निवाऱ्याची सोय वेगळी केली पाहिजे हे म्हणणे योग्यच. परंतु ती सोय होण्याआधी बाक काढणाऱ्या नगरपालिकेने तिला सुशोभन हे नाव देऊ नये.

याच सुमारास, किंबहुना याच्या दोन दशके आधी, युरोपात एका शहराने हाच प्रश्न निराळ्या बाजूने हाताळला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये अन्न आणि इंधन यांचा भयंकर तुटवडा पडला. शहरातील ज्यू नागरिकांना जर्मनांनी छळछावण्यांकडे नेले होते. त्यांच्या रिकाम्या घरांतील तुळया, फळ्या, जिने लोकांनी जळणासाठी उपसून नेले, आणि आधार गेलेली घरे कोसळली. युद्ध संपले तेव्हा जुन्या शहराच्या रांगांमध्ये दात पडल्यासारख्या फटी दिसत होत्या. प्रत्येक फट म्हणजे परत न आलेले एक कुटुंब होते. दुसरीकडे शहरात मुलांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि खेळावयास जागा नव्हती.

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात याकोबा मुल्डर नावाच्या नगररचनाकार होत्या. त्यांच्या हाताखाली १९४६ साली आल्डो व्हान आइक हा तरुण वास्तुशिल्पी रुजू झाला. १९४७ मध्ये बेर्टेलमानप्लेन या लहानशा चौकात त्याने पहिले क्रीडास्थान केले. त्यात जाड कडांचा वाळूचा हौद होता, उड्या मारण्यासाठी काही गोल ठोकळे होते, कोलांट्या घेण्यासाठी लोखंडी दांड्या होत्या आणि कडेला बाके होती. कुंपण मात्र नव्हते. हे पाहून इतर वस्त्यांतील रहिवासी नगरपालिकेला पत्रे लिहू लागले: आमच्याही कोपऱ्यावर जागा आहे, तेथेही असे करा. खात्याने ती पत्रे गंभीरपणे घेतली. जागेची पाहणी होई, व्हान आइक तिच्या आकाराप्रमाणे त्याच मोजक्या वस्तूंची नवी मांडणी करी, आणि काम पुरे होई. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडास्थाने झाली. त्यांपैकी कित्येक त्या पडक्या घरांच्या फटींत होती.

या कामातील दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, त्याने घसरगुंडीला हत्तीचे रूप दिले नाही, झोपाळ्याला घोड्याचे दिले नाही. धातूच्या दांड्यांचा घुमट हा घुमटच राहिला. मुलांनी त्याला डोंगर म्हणावे, किल्ला म्हणावे, गप्पांचा अड्डा करावा. मुले घरी गेल्यावर ही जागा मोडक्या खेळण्यांच्या दुकानासारखी दिसत नसे. ती शहराचाच भाग दिसे, आणि मोठी माणसे कट्ट्यावर बसू शकत. दुसरी गोष्ट संख्येची आहे. एक देखणी बाग करून तिचे उद्घाटन करणे सोपे असते. शहराने तीस वर्षे, पत्रामागून पत्र, कोपऱ्यामागून कोपरा असे काम चालू ठेवले, हे माझ्या मते त्या सर्व रचनांहून मोठे आहे. पुढे मोटारींसाठी जागा हवी झाली, वस्त्यांची पुनर्रचना झाली, आणि आज मूळ स्वरूपात शंभराहूनही कमी क्रीडास्थाने उरली आहेत. काही जुनी साधने राइक्स संग्रहालयाच्या बागेत नेऊन मांडली आहेत. तेथेही मुले त्यांवर चढतातच.

आपल्याकडे या अनुभवांपैकी काय घ्यावे आणि काय सोडावे? प्रथम हवामान. न्यूयॉर्कमधील माणूस उन्हाचा तुकडा शोधीत फिरतो. नागपूर, अहमदाबाद किंवा चेन्नई येथील माणूस सावलीचा. म्हणून आपल्याकडे बैठकीआधी झाड हवे, आणि त्या झाडाच्या बुंध्याशी काँक्रीट न ओतता पार हवा. पार ही बैठक, सावली आणि भेटीचे ठिकाण अशी तिन्ही कामे एकाच वेळी करणारी रचना आहे. ती आपल्या पूर्वजांनी कोणत्याही पाहणीवाचून सिद्ध केली होती. पावसाळ्याचाही विचार पाहिजे; जेथे तळे साचते ती जागा चार महिने बाद होते.

पाण्याचेही तसेच. आपल्या बाजारपेठांना धबधब्यापेक्षा पिण्याच्या पाण्याची गरज अधिक आहे. मुंबईच्या जुन्या भागात दात्यांनी आप्तांच्या स्मरणार्थ बांधलेल्या दगडी पाणपोया, ज्यांना तेथे ‘प्याऊ’ म्हणतात, एकेकाळी वाटसरू आणि बैल दोघांचीही तहान भागवीत. नळ घरोघर गेले, बैलगाड्या गेल्या, आणि पुष्कळ प्याऊ फेरीवाल्यांच्या सामानामागे दडले किंवा कचऱ्याने भरले. अलीकडच्या काळात त्यांपैकी काहींची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आहे, आणि फोर्ट विभागातील बमनजी होरमसजी वाडिया कारंजे व घड्याळ-मनोऱ्याच्या जतनकार्याची युनेस्कोने २०१७ साली दखल घेतली. दगड स्वच्छ झाला हे चांगलेच झाले. परंतु तोटीला पाणी आल्यावाचून प्याऊ पुन्हा प्याऊ होत नाही. तोपर्यंत ते स्मारकच राहते.

याच शहरातील माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालील उदाहरण अधिक बोलके आहे. पुलाखालची पट्टी बेकायदा वाहनतळ आणि गर्दुल्ल्यांचा अड्डा होण्याच्या मार्गावर होती. परिसरातील रहिवाशांनी प्रथम स्वतः पहारा ठेवून ती मोकळी राखली, नंतर महानगरपालिकेचा पाठपुरावा केला, आणि २०१६ मध्ये तेथे नानालाल डी. मेहता उद्यान उघडले. नर्मदेच्या वळणांवरून सुचलेली सुमारे ६०० मीटर लांबीची पायवाट तेथे आहे. दोन्ही बाजूंनी वाहने धावत असतात; तेथील हवेची कोणी स्तुती करणार नाही. तरीही सकाळ-संध्याकाळ वृद्ध माणसे तेथे फिरतात, कारण रस्ता न ओलांडता चालण्याची दुसरी जागा त्यांना जवळपास नाही.

फेरीवाल्यांचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत अवघड आहे. जागा सुधारली की पहिला बळी भेळवाल्याचा किंवा चहावाल्याचा पडतो. आणि व्हाइट यांच्या नोंदी तर सांगतात की जागा जिवंत ठेवतो तो तोच. पदपथ विक्रेत्यांसंबंधी २०१४ साली संसदेने केलेल्या कायद्याने पाहणी, परवाना आणि नगर विक्रेता समिती यांची तरतूद केली आहे. एखाद्या कोपऱ्याची नवी आखणी करताना दोन गाड्यांची जागा, पाण्याची तोटी आणि कचऱ्याची कुंडी ही कागदावर आधीच दाखविली, तर नंतरचा पोलीस बंदोबस्त पुष्कळ अंशी टळेल.

ज्या वाचकांना आपल्या गावातील एखाद्या जागेचा अभ्यास करावयाचा आहे त्यांना कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. कोपऱ्याचा कच्चा नकाशा काढावा. झाड, खांब, गटार, पायरी, जवळचे दुकान हे सारे त्यात यावे. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यांपैकी एक बाजाराचा दिवस असावा, सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला अर्धा अर्धा तास तेथे थांबावे. कोण थांबले, कशाला टेकले, स्त्रिया किती, मुले किती, कोणी काय खाल्ले आणि कागद कोठे टाकला, याची खूण नकाशावर करावी. शेजारच्या दुकानदाराला आणि झाडूवाल्या बाईला विचारावे. जागेचा इतिहास बहुधा या दोघांनाच ठाऊक असतो. मग वहीत आणखी एक रकाना ठेवावा: कोणाला थांबावयाचे होते पण थांबता आले नाही. ओझे घेतलेली बाई क्षणभर घुटमळून पुढे गेली, म्हाताऱ्याने खांबाला हात टेकून दम घेतला, अशा नोंदी या रकान्यात येतील. पाहणाऱ्याला स्वतःलाही अर्धा तास उभेच राहावे लागले असेल, तर तेही तेथेच लिहून ठेवावे.